गेरूचा गोल

अठराशे सत्त्याण्णव साल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि घरं शाकारण्यात अख्ख्या कल्याणात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ही फुशारकी नाही. होतं ते लिहितो.

"नाव सांगा," घराघरावर गेरूची खूण करायला सरकारी कचेरीने नेमलेला तो माणूस म्हणायचा.

दारातलं माणूस पदराआडून काहीतरी पुटपुटायचं. तो कुंचला बादलीतच राहू द्यायचा.

"हळू नको. मोठ्याने सांगा."

मग नाव ऐकू यायचं. तो ते स्वतः एकदा उच्चारायचा, कुंचला उचलायचा आणि भिंतीवर गेरूचा एक गोल काढायचा. एका दमात, हात न उचलता. गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगाने, घरातलं एक माणूस गेलं की एक गोल. दोन गेली की दोन. त्या वर्षी कल्याणच्या काही आळ्यांत भिंती अशा दिसायच्या, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी लग्नासाठी रंगवल्यात.

नाव कचेरीच्या वहीसाठी हवं असेल, असं लोकांना वाटायचं. वही वेगळी होती. ती भरणारा कारकून मागून यायचा. याला हुकूम फक्त गोलाचा. मी एकदा विचारलं, "मग तुम्ही नाव कशाला विचारता?"

"गोल सगळे सारखेच दिसतात रे, मिस्त्री," तो म्हणाला.

हुकूम खरं तर दारावर गोल काढायचा होता. हा दाराशेजारी भिंतीवर काढायचा. म्हणायचा, "दार दिवसातून पन्नासदा हलतं. गेलेल्या माणसाला सारखं हलवू नये." वरच्या साहेबाने एकदा टोकलं, तर हा सरळ म्हणाला, "सदरहू दार कुजकं आहे साहेब, गेरू धरत नाही." दार चांगलं सागवानी होतं. साहेबाला लाकडातलं काय कळणार?

तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, तो वयाने वीसेक वर्षांनी मोठा होता. मनात 'तो' म्हणायचो. इथे मनातलंच लिहितोय. त्याचं नाव मात्र लिहिणार नाही. का ते शेवटी कळेल.

मी चार बुकं शिकलेला. चौथ्या बुकात मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, तेव्हा मी शाळा सोडली. मास्तरांनी मला काढलं असं काही लोक सांगतात, ते खोटं आहे. बापाने हातात कौल दिलं ते दिलंच. पावसाळ्याआधी लोकांच्या छपरांवर चढायचं, फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, म्हणजेच घर शाकारायचं. आमची कौलं नळीची. कुंभाराने मांडीवर वळलेली, एकासारखं दुसरं नाही. त्यांना एकमेकांची सवय झालेली असते. काढताना ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने परत लावली तरच छप्पर गळत नाही. हे ज्याला कळतं तो कारागीर. बाकीचे नुसते चढणारे.

ताप आला तेव्हा शाकारणी बंद पडली, पण कौलं काढायचं काम निघालं. ज्या घरात माणूस गेलं ते घर रिकामं करायचं, माणसं गावाबाहेर तट्ट्यांच्या छावणीत न्यायची, आणि घराचं छप्पर उघडायचं. ऊन आत पडलं की रोग मरतो, असं साहेब लोक म्हणत. त्या कामावर मी होतो. मी वर आणि तो खाली, गेरूची बादली घेऊन. असं आमचं जुळलं.

तो ठाण्याकडचा, खाडीकाठच्या गावातला ख्रिस्ती. घरची भातशेती, घरात बायको, दोन लेकी. आधी तो गावोगाव पोरांना देवी टोचत हिंडायचा. अंगाने ठेंगणा, भरलेला, मिशा नाहीत, डोक्यावर ऊन असो नसो काळी छत्री. कचेरीचे कागद वाचून वाचून त्याची जीभ कागदी झालेली. प्रत्येक गोष्टीला 'सदरहू' लावायचा. एकदा एका बकरीने त्याचा कुंचला चघळला. तो तिचा कान धरून आळीभर विचारत फिरला, "सदरहू बकरी कोणाची?" कोणी कबूल होईना. बकरीचं तोंड गेरूने लालभडक. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "सोडा तिला. नाहीतर तिच्याही नावाचा गोल काढाल." तो इतका हसला, की छत्री हातातून पडली.

हसायचे दिवस नव्हते ते. पण तुम्ही अशा काळात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, माणूस तेव्हाही हसतो. मग लाजतो.

पारनाक्याच्या अलीकडे एका घरात म्हातारा गेलेला. म्हातारी कंबरेवर हात ठेवून दारात उभी. "अशा कळकट भिंतीवर आमच्या धन्याचा गोल काढायचा नाही. आधी सारवू दे." दुसरा असता तर काढून मोकळा झाला असता. हा समोरच्या ओट्यावर बसला. तिने भिंत सारवली. ती वाळेपर्यंत तो छत्री उघडून बसून राहिला. तोवर माझं छपराच्या एका बाजूचं पाख उतरवून झालं.

मग तो उठला. "नाव सांगा."

म्हातारी म्हणाली, "मी कसं घेऊ रे नाव? बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं का?"

"घरात दुसरं कोणी आहे?"

"कोण असणार?"

"मग घ्या तुम्हीच."

ती विचारात पडली. म्हणाली, "रामाबरोबर वनात गेला ना, त्याचं."

"लक्ष्मण?"

"झालं तर मग. तूच म्हणालास."

"माझं म्हणणं चालत नाही. घरच्या माणसाने म्हणावं लागतं."

असा काही नियम नव्हता, मला पक्कं ठाऊक आहे. म्हातारीने पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि नव्या नवरीसारखी मान खाली घालून नाव घेतलं.

"हळू नको," तो म्हणाला.

तेव्हा ती जी ओरडली, ती मला आढ्यावर ऐकू आली. उभ्या जन्मात तिने ते नाव पहिल्यांदा तोंडाबाहेर काढलं होतं. गोल काढून होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा घेत राहिली.

लोक मेलेलं माणूस लपवायचे, छावणीच्या भीतीने. एका घरी तर गेलेल्या आजोबांना लोडाला टेकवून, पुढे सोंगट्यांचा पट मांडून बसवलेलं. समोर नातू म्हणवून त्यांचा दाढीवाला जावई खेळतोय. हा आत गेला, आजोबांना नमस्कार केला, पटाशेजारी मांडी घालून बसला. पट पाहून घेतला. मग जावयाला हळूच म्हणाला, "तुमचा डाव जिंकत आलाय. आता यांना निजू द्या, बसून दमलेत." त्याबरोबर जावई पटावर डोकं ठेवून रडायला लागला.

आता उंदरांचं सांगतो, कारण सगळं तिथे अडलं.

ताप यायच्या आधी घरात उंदीर पडायचे हे बायकाही सांगत होत्या. पण पहिले उंदीर खाली पडत नाहीत. ते वर मरतात, आढ्याशी, कौलांखाली. ते दिसतात फक्त कौलं काढणाऱ्याला. एका घराचं छप्पर उघडताना मी शेजारच्या घराच्या वळचणीत हात घालून पाहायचो. तिथे मेलेले उंदीर असले, की चार-आठ दिवसांत त्या घरात गाठ. हे मी दोनदा पाहिलं आणि त्याला सांगितलं. कचेरीत उंदरांचं ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. त्याने मात्र ऐकलं. तेव्हापासून तो खालून हाक द्यायचा, "मिस्त्री, वर काय आहे?" मी म्हणायचो "आहे" किंवा "नाही". 'आहे' म्हटलं की तो त्या घरी जाऊन हात जोडून, थापा मारून, कधी साहेबाचं नाव सांगून माणसांना छावणीत पाठवायचा, कुणी आजारी पडायच्या आत. त्यातली किती वाचली ते मी मोजलं नाही. पण वाचली. काही अजून आहेत, रस्त्यात भेटतात.

"तुझा शब्द तोच माझा कागद," तो म्हणायचा. चार बुकं शिकलेल्याला असं कोणी म्हटलं तर तो दोन इंच वाढतो. मीही वाढलो.

माझं घर दुधनाक्याच्या बाजूला होतं. घरात आई, बायको आणि मी. छप्पर मी माझ्या हाताने घातलेलं. सात पावसाळे झाले, थेंब गळला नव्हता. पैजेने सांगायचो, थेंब पडला तर मिशी उतरवीन. तो रोज दुपारी कामावरून जाताना आमच्या ओट्यावर टेकायचा. आई त्याला पाणी द्यायची. तो ख्रिस्ती, म्हणून घरातलं भांडं नाही. एक करवंटी त्याच्यासाठी वेगळी ठेवलेली, ओट्यावरच्या कोनाड्यात पालथी. आई वरून पाणी ओतायची, तो प्यायचा, करवंटी विसळून जागेवर ठेवायचा. तेव्हा आम्हाला त्यात काही वाटत नसे. तो म्हणायचा, "सदरहू करवंटी माझ्या नावावर करून द्या, आई." आई म्हणायची, "जा रे टोच्या, पाणी पी आणि चालता हो. तुला पाहिलं की अजून माझा दंड दुखतो." तिला देवी टोचणारा हा नव्हताच, कुणी दुसराच असणार. पण तिने तो राग याच्यावर काढायचं ठरवलं होतं, आणि त्याने तो मान्य केला होता.

फाल्गुनात आमच्या आळीच्या टोकाला पहिला गोल झाला. त्याने मला सांगितलं, "उद्या आळीतली सगळी छपरं चाचपून ठेव." मी सकाळी आधी माझ्याच छपरावर चढलो. आढ्याजवळचं कौल उचललं. तीन होते. एक अजून मऊ होता.

मी वर बसून राहिलो. खाली आई तांदूळ निवडत होती, गुणगुणत होती. 'आहे' म्हणावं तर माझं छप्पर उतरणार, आई तट्ट्यांच्या झोपडीत जाणार. लोक म्हणणार, जगाची घरं उघडणाऱ्याचं घर उघडलं. दहा वेळा मी दुसऱ्यांना सांगितलं होतं, "अहो, छप्परच ते, परत लावू." स्वतःला सांगता आलं नाही. तिन्ही उंदीर टोपलीत घातले, वर गवत टाकलं आणि खाडीत सोडून आलो. बायकोने विचारलं, "टोपलीत काय होतं?" मी म्हटलं, "फुटकी कौलं." आमच्या छपरावर फुटकं कौल नव्हतं हे तिलाही माहीत होतं.

दुपारी तो आला. एकेक घर विचारत गेला. शेवटी म्हणाला, "आणि सदरहू घर?"

"ते माझं आहे."

"ते मला ठाऊक आहे. वर काय आहे?"

"काही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, छत्री मिटली. "बरं. तुझा शब्द."

पाचव्या दिवशी आईला हुडहुडी भरली. सहाव्या दिवशी जांघेत गाठ दिसली. मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि बाहेर सांगितलं, आई खडवलीला गेली, सुनेच्या माहेरी.

तो ओट्यावर टेकला. कोनाड्यात करवंटी पालथी, कोरडी. "कधी गेली म्हातारी?"

"परवा."

"खडवलीला."

"हो. पाणी मी देतो, थांबा."

"नको," तो उठत म्हणाला. "ती आल्यावर पिईन."

आठव्या दिवशी सकाळी बायको घागर घेऊन विहिरीवर गेली ती त्याला घेऊन आली. मला न विचारता तिने केलेली ती पहिली गोष्ट. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "आजारी आहे, कबूल. पण माझ्या घराला कोणी हात लावायचा नाही."

त्याने आत डोकावून आईकडे पाहिलं. वळून बायकोला म्हणाला, "बाई, भांडीकुंडी सगळी अंगणात काढा, औषधाच्या पाण्यात टाका. डोली दुपारी येईल." मग मला म्हणाला, "दुसरा माणूस लावू का छपराला? तो फोडेल हं."

"कोणीही लावा. चढू देणार नाही."

"बरं." त्याने छत्री भिंतीला टेकवली. शेजारच्या तात्यांची शिडी आमच्या वळचणीला लावलेली होती. तात्या एकटे असत, शिडी त्यांनी मला कायमचीच दिल्यासारखी होती. तो पायात बूट तसेच ठेवून शिडी चढायला लागला. वजनाने शिडी वाकली. वर पोचला आणि थेट कौलाच्या मध्यावर पाय ठेवला. कडकन आवाज झाला.

सात वर्षांत माझ्या छपराचं पहिलं कौल फुटलं.

"उतर खाली!" मी ओरडलो. त्याला मी 'तू' म्हटलं ते तेवढं एकदाच. "पाय कुठे ठेवावा एवढी अक्कल नाही? उतर! मी काढतो."

तो निमूट उतरला. मुद्दाम फोडलं की खरंच त्याला चढता येत नव्हतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्या जागी पुढे मी नवं कौल बसवलं. बाकी सगळी काळी झालेली, तेवढं एक लाल दिसायचं.

मी आढ्यापासून कौलं उतरवायला लागलो. रांगेने, क्रमाने. हात चालू होता. एकेक रांग निघाली तसं ऊन आत पडत गेलं, रीपांच्या सावल्यांच्या चौकटी-चौकटींनी. खाली आई निजलेली दिसायला लागली. वरून आपलं घर असं कधी पाहिलं नव्हतं. आईने डोळ्यांवर आडवा हात धरला.

"कोण आहे रे वर?"

"मी आहे, आई."

"सगळी नको काढूस. पाऊस येईल."

"पावसाला अवकाश आहे."

थोड्या वेळाने ती पाणी मागायला लागली. बायको विहिरीवर गेलेली. मी आढ्यावर, दोन्ही हातांत कौलं. तो ओट्यावर होता, तो आत आला. इकडेतिकडे पाहिलं. तांब्या, पेला, वाटी, सगळं अंगणात औषधाच्या पाण्यात. तो बाहेर गेला आणि कोनाड्यातली करवंटी घेऊन आला. माठातलं पाणी घेतलं आणि उभा राहिला. वर माझ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री, दुसरं भांडं नाही."

मी हातातली कौलं रांगेत ठेवली.

"आण इकडे, टोच्या," आई म्हणाली. "किती वेळ धरून उभा राहशील?"

त्याने तिच्या मानेखाली हात घातला. ती प्यायली. अर्धी करवंटी पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. म्हणाली, "बरं लागतं की रे यातलं पाणी."

डोली यायच्या आत ती गेली. सगळं छप्पर तेव्हा उतरून झालं होतं, ऊन तिच्या पायांवर होतं.

तिला नेल्यावर तो बादली घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. मला वाटलं, मला विचारणार नाही. त्याला नाव ठाऊक होतं.

"नाव सांगा."

आईचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. कोण घेतो? "सगुणा," मी म्हटलं.

"हळू नको."

"सगुणा!"

"सगुणाबाई," तो म्हणाला, आणि गोल काढला. दुसऱ्या घरांवर काढायचा तसाच. जास्त नीट नाही, कमी नीट नाही. त्याबद्दल मी त्याला आजही मानतो.

कुंचला धुताना त्याने विचारलं, "वर काय होतं?"

"तीन."

"मी कचेरीत सांगितलं होतं, या आळीत काही नाही. तुझ्या शब्दावर." एवढंच तो बोलला. आवाज चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याने चढवला नाही.

मी आणि बायको छावणीत गेलो. आम्हाला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचे तात्या गेले. आमच्या दोन घरांची वळचण एकच. त्यांच्या घरात नाव सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने मला छावणीतून बोलावून आणलं. मी नाव सांगितलं. "हळू नको," तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तात्या माझ्यामुळे गेले हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. आता पाऊणशे वर्षांचा झालो, लिहून ठेवतो.

काम पुन्हा सुरू झालं, पण एक गोष्ट बदलली. तो खालून हाक देईना. मी छप्पर उघडलं की तो म्हणायचा, "सरक जरा," आणि ते ठेंगणं भरलेलं अंग घेऊन स्वतः शिडी चढायचा, बूट काढून. शेजारच्या वळचणीत स्वतः हात घालायचा, चाचपायचा, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर काढायचा. धापा टाकत उतरायचा. एक शब्द वाकडा बोलला नाही. आधीसारखा थट्टा करायचा, 'सदरहू' म्हणायचा. फक्त मला विचारायचं सोडलं.

"मला विचारा" असं मी म्हटलं नाही. असं म्हणायचं माझ्या तोंडात बसत नाही. मनात मात्र रोज म्हणत होतो.

ताप उंदरांपासून माणसाला कसा लागतो ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढे कळलं, उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे.

चैत्रात एका सकाळी मी वर असताना तो शिडीपाशी आला. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, मग खाली घेतला. छत्री उघडून ओट्यावर बसला. मी पाहत होतो. बऱ्याच वेळाने खालून हाक आली.

"मिस्त्री, वर काय आहे?"

मी एका वळचणीत तीनदा हात घातला. कौलं उचलून उचलून पाहिली. "काही नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"बरं. तुझा शब्द."

माझ्यावर पुन्हा भरवसा बसला म्हणून विचारलं, की पायांत चढायचं बळ उरलं नव्हतं म्हणून, हे मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. छत्री टेकत टेकत तो गेला. स्टेशनाच्या मागे त्याची भाड्याची खोली होती तिकडे. बादली ओट्यावरच विसरला.

चौथ्या दिवशी कळलं, तोही गेला. ठाण्याहून त्याच्या घरच्यांना गाडीतून उतरू दिलं नाही. त्या दिवसांत तसा बंदोबस्त होता. मी पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. गोल काढायला एक नवा माणूस आलेला, घाईतला. त्याने दाराच्या फळीवरच कुंचला फिरवला. गोलाची दोन टोकं जुळलीसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, "नाव विचारलंत?"

"नाव कशाला? वहीत असेल."

"विचारा."

"कोणाला विचारू? इथे आहे कोण?"

"मी आहे."

त्याने मला खालीवर न्याहाळलं. "तुम्ही कोण त्याचे?"

मी त्याचं नाव सांगितलं. स्टेशनाच्या रस्त्यावरचे दोन-तीन जण वळून बघायला लागले, म्हणजे पुरेसं मोठ्याने सांगितलं असावं. पण कागदावर लिहीत नाही. तो नाव लिहून घेणाऱ्यातला नव्हता, ऐकणाऱ्यातला होता. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्याच्या गावात जाल, तर तिथे अजून सांगतील.

मग मी ते दार उघडं केलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि खाली दगड लावला, हलू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्याच्या तोंडाशी एक घर उघडायचं होतं. नवा माणूस खाली बिडी पीत उभा होता. मी वर चढलो, पहिली रांग उतरवली आणि शेजारच्या वळचणीत हात घातला. हाताला लागला. कोणी विचारलं नव्हतं. मी आढ्यावर उभा राहिलो आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलो, "आहे!"